मुलगी ‘शहाणी’ झाली… पण सज्ञान कधी होणार?

इस्लामी कायद्यात वयात येण्याचं वय नेमकं कोणतं? नऊ, बारा, पंधरा की अठरा? शास्त्रकारांनी या प्रश्नाची एक नव्हे, अनेक उत्तरं दिली आहेत. शरीराचं वयात येणं वेगळं आणि अक्कल येणं वेगळं, हा भेदही त्यांनी तेराशे वर्षांपूर्वीच ओळखला होता. मग आज आपल्या न्यायालयांत सोळा वर्षांच्या मुलीच्या निकाहावरून इतका गोंधळ का?

जून २०२२. पंजाबातल्या पठाणकोटचं एक जोडपं पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात आलं. मुलगा एकवीस वर्षांचा, मुलगी सोळा वर्षांची. दोघं मुसलमान, प्रेमात पडलेले आणि मुस्लिम रीतीप्रमाणे निकाह केलेले. घरच्यांचा विरोध होता, म्हणून जिवाला धोका आहे आणि पोलीस संरक्षण मिळावं, एवढीच त्यांची मागणी. न्यायमूर्ती जसजितसिंग बेदी यांनी मुस्लिम कायद्यावरच्या ग्रंथाचा आधार घेतला. मुस्लिम मुलगी वयात आली की स्वतःच्या मर्जीने निकाह करू शकते, उलट पुरावा नसेल तर पंधराव्या वर्षी ती वयात आली असं धरलं जातं, तेव्हा सोळा वर्षांची ही मुलगी निकाहाला लायक आहे, असं त्यांनी म्हटलं. जोडप्याच्या अर्जाचा विचार करून योग्य ती पावलं उचला, असा आदेश पोलिसांना मिळाला.

त्याच वर्षीची दुसरी घटना केरळमधली. एक गर्भवती मुलगी तपासणीसाठी आरोग्य केंद्रात गेली. आधार कार्डावर वय दिसलं सोळा. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. नवऱ्यावर अपहरणाचा, बलात्काराचा आणि बालकांच्या लैंगिक संरक्षणासाठीच्या ‘पॉक्सो’ कायद्याखालचा गुन्हा दाखल झाला. आपला निकाह शरीयतनुसार कायदेशीर आहे, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बेचू कुरियन थॉमस यांनी ते नाकारलं. व्यक्तिगत कायद्यानुसार झालेला विवाह ‘पॉक्सो’च्या बाहेर राहत नाही, पती-पत्नीतली एक जरी अठराच्या आतली असेल तर लग्नाचा बचाव चालणार नाही, असं सांगून त्यांनी जामीन फेटाळला.

वय तेच, धर्म तोच, वर्षही तेच. एका न्यायालयाच्या लेखी सोळा वर्षांची मुलगी लग्नाला लायक, दुसऱ्याच्या लेखी ती बालक! कोणते न्यायमूर्ती बरोबर, हा प्रश्न वकिलांवर सोडला तरी दुसरा प्रश्न उरतोच. ज्या शरीयतचा दाखला दोन्हीकडे दिला गेला, ती वयात येण्याबद्दल मुळात सांगते तरी काय?

शरीराची खूण

आपल्याकडे आजीच्या पिढीत मुलीला पहिल्यांदा न्हाण आलं की बायका म्हणत, ‘पोर शहाणी झाली.’ शरीरात बदल झाला म्हणजे शहाणपणही आलं, असं मराठीने एका शब्दात गृहीत धरून टाकलं. इस्लामी धर्मशास्त्राने मात्र यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले. शरीराने वयात येणं म्हणजे ‘बुलूग’. आपण उर्दूतून ऐकतो तो ‘बालिग’ हा शब्द यातूनच आला. व्यवहाराची समज येणं म्हणजे ‘रुश्द’. या दोन शब्दांमधलं अंतर लक्षात ठेवलं तर पुढचा सगळा विषय सोपा होतो.

बुलूग ठरवण्याची पहिली कसोटी वयाची नाही, शरीराच्या खुणांची आहे. मुलाच्या बाबतीत स्वप्नावस्था, मुलीच्या बाबतीत मासिक पाळी सुरू होणं किंवा गर्भ राहणं, या खुणा सर्वच पंथांना मान्य आहेत. शरीरावरचे केस ही खूण शाफई आणि हंबली पंथांत काही मर्यादेत धरतात. हनफी पंथ ती मानत नाही.

सातव्या शतकातल्या अरबस्तानात ही कसोटी स्वाभाविकच होती. जन्मनोंदणी नाही, शाळेचा दाखला नाही, कुणाचा जन्म कोणत्या साली झाला हे आईला एखाद्या दुष्काळावरून किंवा लढाईवरून आठवणार. अशा समाजात शरीरानेच दिलेली साक्ष सर्वांत भरवशाची. हनफी शास्त्रकारांनी तर असंही म्हटलं की, ज्या वयात हे शक्य आहे त्या वयाच्या मुलाने किंवा मुलीने ‘मी वयात आलो’, ‘मी वयात आले’ असं सांगितलं, तर तो शब्द ग्राह्य धरावा. लाजेची बाब असल्याने साक्षीदार मागायचे तरी कुणाकडे?

पण खुणा दिसल्याच नाहीत तर? किंवा कुणी फार लहान वयातच दावा केला तर? मग वयाची मर्यादा घालणं भागच पडलं. हनफी शास्त्रात खालची मर्यादा मुलासाठी बारा वर्षं आणि मुलीसाठी नऊ वर्षं आहे. त्याआधी केलेला दावा मानायचा नाही. वरच्या मर्यादेबाबत मात्र शास्त्रकारांत मतभेद झाले.

उहुदहून परत पाठवलेला मुलगा

पंधरा या आकड्यामागे एक प्रसिद्ध हकिकत आहे. अब्दुल्ला इब्न उमर हे दुसरे खलिफा हजरत उमर यांचे चिरंजीव. उहुदच्या लढाईच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. लढाईला जाऊ इच्छिणाऱ्यांमध्ये तेही उभे राहिले, पण प्रेषित महंमद पैगंबरांनी त्यांना परवानगी दिली नाही. पुढे खंदकाच्या लढाईच्या वेळी ते पंधरा वर्षांचे होते. या वेळी परवानगी मिळाली. ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितली आणि ती ‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहात आली आहे.

पुढे सन ७१७ ते ७२० या काळात खलिफा असलेल्या उमर इब्न अब्दुल अझीझ यांच्या कानावर ही हकिकत गेली. मूल आणि प्रौढ यांच्यातली सीमारेषा हीच, असं म्हणून त्यांनी आपल्या सुभेदारांना पत्रं पाठवली. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्यांची नोंद प्रौढांत करावी आणि त्याखालच्यांची मुलांत, असा हुकूम निघाला. आज आपण ज्याला शरीयतमधलं ‘पंधरा वर्षांचं वय’ म्हणतो, त्याचा एक मोठा आधार असा लढाईच्या हजेरीपटात आहे. लग्नाचा त्या प्रसंगाशी काहीही संबंध नव्हता!

पंथ तितकी वयं

हनफी पंथाचे संस्थापक इमाम अबू हनीफा यांना मात्र पंधराची मर्यादा पटली नव्हती. खुणा दिसल्या नाहीत तर मुलगा अठराव्या वर्षी आणि मुलगी सतराव्या वर्षी वयात आली असं मानावं, असं त्यांचं मत. मुली थोड्या लवकर वयात येतात, म्हणून त्यांच्यासाठी एक वर्ष कमी. त्यांचेच दोन नामवंत शिष्य, अबू यूसुफ आणि महंमद अश-शैबानी, यांनी गुरूंशी मतभेद नोंदवून दोघांसाठीही पंधरा वर्षं ठरवली. हनफी पंथात पुढे फतवे शिष्यांच्या मतावर दिले जाऊ लागले. औरंगजेबाच्या काळात तयार झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’नेही पंधराच उचलून धरले.

शाफई आणि हंबली पंथांतही पंधरा. मालिकी पंथात सर्वसाधारण मत अठराचं. शिया इस्ना अशरी पंथात मुलासाठी पंधरा आणि मुलीसाठी नऊ. म्हणजे ‘इस्लाममध्ये अमुकच वय’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर ‘कोणत्या पंथात?’ असं विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्रातही हा फरक आहे. राज्यातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, पण रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. हनफी शास्त्रानुसार वयात आलेली मुलगी वलीशिवाय, म्हणजे पालकाच्या मध्यस्थीशिवाय, स्वतःचा निकाह करू शकते. शाफई शास्त्रात तिच्या निकाहाला वली लागतोच. एकाच राज्यात, एकाच धर्मातल्या दोन मुलींचं शास्त्र असं वेगळं असू शकतं.

आणखी एक बारकावा आहे. ही वर्षं चांद्र पंचांगाची आहेत. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. म्हणजे पंधरा चांद्र वर्षं आपल्या कॅलेंडरने साधारण साडेचौदा वर्षं होतात, तर नऊ चांद्र वर्षं म्हणजे जेमतेम पावणेनऊ.

आणि मग शहाणपण!

बुलूग आला की धर्माची जबाबदारी सुरू होते. नमाज, रोजे फर्ज होतात, पापपुण्याचा हिशोब सुरू होतो. झोपलेला माणूस, वेडा माणूस आणि वयात न आलेलं मूल या तिघांच्या नावावर काही लिहिलं जात नाही, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. म्हणजे वयात येणं हा शास्त्राच्या दृष्टीने हक्काइतकाच जबाबदारीचा क्षण.

पण पैशाअडक्याचं काय? इथे कुरआनने वेगळी अट घातली. अन-निसा या चौथ्या सूऱ्याची सहावी आयत अनाथ मुलांच्या मालमत्तेबद्दल आहे. मुलं लग्नाच्या वयाची होईपर्यंत त्यांची परीक्षा घेत राहा आणि त्यांच्यात समज आलेली दिसली तरच त्यांची मालमत्ता त्यांच्या हवाली करा, असा तिचा आशय. इथे समजेसाठी ‘रुश्द’ हा शब्द आहे. नुसतं वयात येणं पुरेसं नाही. सौदा कसा करावा, फसवणूक कशी ओळखावी, पैसा उधळू नये, हे कळायला हवं. पालकाने मुलाच्या हाती थोडी रक्कम देऊन त्याला छोटे व्यवहार करू द्यावेत आणि पाहावं, अशा पद्धतीही शास्त्रकारांनी सुचवल्या.

समज आलीच नाही तर? अबू हनीफा म्हणाले, पंचवीस वर्षांपर्यंत थांबा, मग मालमत्ता द्याच. इतर इमाम म्हणाले, समज येईपर्यंत देऊ नका, मग वय कितीही होवो. घरदार सांभाळायला समज हवी, तर संसार सांभाळायला नको का? आजचे अनेक मुस्लिम अभ्यासक आणि सुधारक नेमका हाच प्रश्न विचारतात. आयतीत ‘लग्नाचं वय’ आणि ‘समज’ एकाच वाक्यात आले आहेत, याकडे ते बोट दाखवतात.

चौकट : पाळण्यापासून प्रौढत्वापर्यंत

चार वर्षं, चार महिने, चार दिवस : भारतीय मुस्लिम घरांत ‘बिस्मिल्लाह’चा समारंभ. मूल पहिली अक्षरं गिरवतं. हा शास्त्राचा नियम नाही, आपल्याकडचा रिवाज आहे.

सात वर्षं : ‘तमयीज’, म्हणजे भलंबुरं ओळखण्याचं वय. नमाजाची सवय इथून लावायची. हनफी शास्त्रात मुलाचा ताबा आईकडे राहतो तो याच वयापर्यंत. मुलीचा ताबा ती वयात येईपर्यंत आईकडे.

तमयीजनंतर : मूल बक्षीस स्वीकारू शकतं, कारण त्यात त्याचा फायदाच आहे. ते स्वतःची वस्तू दान करू शकत नाही, कारण त्यात निव्वळ तोटा आहे. खरेदी-विक्रीला पालकाची संमती लागते.

बुलूग : नमाज-रोजे फर्ज. हौसेने पहिला रोजा ठेवलेल्या लहानग्याची ‘रोजा-कुशाई’ घरोघर होते, पण सक्ती वयात आल्यावरच. दाऊदी बोहरा समाजात वयात आलेली मुलं-मुली ‘मिसाक’ची शपथ घेतात.

रुश्द : मालमत्तेचा कारभार स्वतःच्या हाती.

नको असलेलं लग्न मोडण्याची चावी

जुन्या शास्त्राने अल्पवयीन मुलामुलीचं लग्न लावण्याचा अधिकार बापाला आणि आजोबाला दिला होता. पण त्याचबरोबर एक खिडकीही उघडी ठेवली होती. तिचं नाव ‘खियार-उल-बुलूग’, म्हणजे वयात आल्यावर निवड करण्याचा हक्क. लहानपणी लावून दिलेलं लग्न वयात आल्यावर नाकारता येतं.

ही खिडकी फार अरुंद होती. हनफी शास्त्रानुसार बापाने किंवा आजोबाने लावलेलं लग्न सहसा नाकारता येत नसे. त्यांनी फसवणूक किंवा उघड बेपर्वाई केली असेल तरच. काका, भाऊ अशा इतर पालकांनी लावलेलं लग्नच नाकारता येई. त्यातही कुमारिकेने वयात येताक्षणी, लग्नाची माहिती असेल तर तिथल्या तिथे नकार द्यायचा. ती गप्प राहिली तर ती संमती! बारा-तेरा वर्षांच्या, घाबरलेल्या मुलीने त्या क्षणी नकार कसा उच्चारायचा?

१९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा इथे मोठं काम करून गेला. या कायद्याने बाप आणि आजोबा यांचा अपवाद काढून टाकला. मुलीचं लग्न पंधरा वर्षांच्या आत बापाने किंवा अन्य पालकाने लावलं असेल, तर अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी ते नाकारून ती न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळवू शकते. अट एकच, पती-पत्नी संबंध आलेले नसावेत. क्षणाची मुदत वर्षांवर गेली. आणि हे सगळं शरीयतच्या चौकटीत राहून घडलं. हनफी नियमांत बायकांना दाद मिळत नव्हती, म्हणून मालिकी पंथातल्या नियमांचा आधार या कायद्यासाठी घेतला गेला होता.

इंग्रजांनी काय केलं?

इंग्रजी अमलात मुसलमानांचे कौटुंबिक तंटे इंग्रज न्यायाधीशांपुढे येऊ लागले. त्यांना अरबी येत नव्हतं. मग ‘हिदाया’सारख्या हनफी ग्रंथाचं १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर हाती आलं. पुढे मुंबईचे विख्यात पारशी कायदेपंडित सर दिनशा मुल्ला यांचा मुस्लिम कायद्यावरचा ग्रंथ वकिलांचा आधार झाला. शहाण्या मनाचा, वयात आलेला कोणताही मुसलमान निकाह करू शकतो आणि पुरावा नसेल तर पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर तो वयात आला असं मानावं, हा नियम या ग्रंथाच्या १९५ व्या कलमात आहे. पठाणकोटच्या जोडप्याच्या कामी आलं ते हेच कलम. शास्त्रकारांचे मतभेद, अबू हनीफांचे अठरा, मालिकींचे अठरा, रुश्दची अट, हे सारं मागे पडलं आणि न्यायालयात एक आकडा तेवढा उरला.

१८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याने सर्वांसाठी अठरा वर्षांचं वय ठरवलं, पण लग्न, मेहर, तलाक आणि दत्तक या बाबी त्यातून वगळल्या. परिणाम मोठा विचित्र झाला. सोळा वर्षांची मुस्लिम मुलगी या कायद्यानुसार स्वतःच्या मेहरची रक्कम ठरवू शकते, पण स्वतःच्या नावावरचं घर विकू शकत नाही. ती मत देऊ शकत नाही, मोटार चालवू शकत नाही. नवरा मात्र निवडू शकते.

कायद्यांची टक्कर

१९२९ मध्ये शारदा कायदा आला. मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षं. तो सर्वधर्मीयांना लागू होता. अनेक मुस्लिम धर्मनेत्यांनी विरोध केला, तर मध्यवर्ती कायदेमंडळात बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी त्याला पाठिंबा दिला. सनातनी हिंदूंचाही विरोध होताच. १९७८ मध्ये वय वाढून मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस झालं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने शिक्षा वाढवली. असं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलीला वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत असं लग्न रद्द करून घेता येतं.

दुसरीकडे १९३७ चा शरीयत कायदा सांगतो की, मुसलमानांच्या विवाहाला मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू. मग २००६ चा कायदा वरचढ की १९३७ चा? गुजरात, कर्नाटक आणि केरळच्या उच्च न्यायालयांनी बालविवाहाच्या कायद्याच्या बाजूने कौल दिला आहे. जुलै २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तर, माणूस आधी देशाचा नागरिक आणि मग धर्माचा अनुयायी, अशी भूमिका घेतली. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये, पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीशी संबंध ठेवणं हाही बलात्कारच, असा निकाल दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच वय आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बालविवाह रोखण्यासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना देताना मात्र सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तिगत कायद्याचा प्रश्न निकाली काढला नाही. पंजाबच्या त्या निकालाविरुद्ध राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांनी ती याचिका फेटाळली. धोक्यात असलेल्या जोडप्याला उच्च न्यायालयाने संरक्षण दिलं, तर आयोगाने त्याला आव्हान का द्यावं, असा त्यांचा सवाल होता. मूळ प्रश्न तसाच राहिला.

या टक्करीत सापडते ती मुलगी. ज्या निकाहाला तिच्या घरात आणि मोहल्ल्यात मान्यता आहे, त्यावरूनच तिचा नवरा तुरुंगात जाऊ शकतो. ती दवाखान्यात गेली तर डॉक्टरांना पोलिसांना कळवणं भाग. मग बाळंतपणाची वेळ आली तरी घरचे तिला दवाखान्यात न्यायला घाबरतात. आणि याउलट, ज्या मुलीला हे लग्न नकोच होतं, तिला ‘शरीयतने तू बालिग आहेस’ असं सांगून गप्प बसवलं जातं. दोन्हीकडून तिचंच नुकसान.

मुस्लिम देशांनी काय केलं?

तुर्कस्तानच्या उस्मानी साम्राज्याने १९१७ मध्ये कौटुंबिक कायदा केला. त्यात लग्नाच्या पात्रतेचं वय मुलासाठी अठरा आणि मुलीसाठी सतरा ठरवलं. हे तेच इमाम अबू हनीफांचे आकडे! बारा वर्षांखालच्या मुलाचं आणि नऊ वर्षांखालच्या मुलीचं लग्न कुणालाही लावता येणार नाही, असंही त्यात होतं. त्यासाठी इब्न शुबरुमा आणि अबू बक्र अल-असम या जुन्या शास्त्रकारांच्या मतांचा आधार घेतला गेला. पालकाला अल्पवयीनांचं लग्न लावण्याचा अधिकारच नाही, असं या दोघांनी शतकांपूर्वी म्हटलं होतं.

त्यानंतर इजिप्तने १९२३ मध्ये मुलीसाठी सोळा आणि मुलासाठी अठरा, तर २००८ मध्ये दोघांसाठी अठरा केले. मोरोक्कोने २००४ मध्ये दोघांसाठी अठरा वर्षं ठरवली, अपवादाला न्यायाधीशाची परवानगी. इंडोनेशियाने २०१९ मध्ये मुलीचं वय सोळावरून एकोणीसवर नेलं. पाकिस्तानात सिंध प्रांताने अठराचा कायदा केला, त्याला आव्हान मिळालं, पण तिथल्या संघीय शरीयत न्यायालयाने २०२३ मध्ये तो इस्लामविरोधी नसल्याचं ठरवलं. मे २०२५ मध्ये इस्लामाबादसाठीही अठराचा कायदा झाला.

इराणची दिशा उलटी. क्रांतीनंतर तिथल्या नागरी कायद्यात मुलीसाठी नऊ आणि मुलासाठी पंधरा चांद्र वर्षं आली. लग्नाचं वय २००२ पासून मुलीसाठी तेरा आहे आणि न्यायालयाच्या परवानगीने त्याखालीही लग्न होऊ शकतं. पण याच कायद्यात बालिग झालेल्या मुलाच्या हाती मालमत्ता देण्यासाठी रुश्दचा पुरावा मागितला आहे.

घरातून उठलेला आवाज

आपल्याकडेही बदलाची मागणी समाजाच्या आतून झाली आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांचा भर सर्वांना समान कायद्यावर होता. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने वेगळा मार्ग घेतला. कुरआनातल्या तत्त्वांच्या आधारे २०१४ मध्ये त्यांनी मुस्लिम कौटुंबिक कायद्याचा मसुदा मांडला आणि त्यात निकाहाचं वय मुलीसाठी अठरा, मुलासाठी एकवीस ठेवलं. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची भूमिका मात्र, लग्नाचं वय सरकारने ठरवू नये, अशी राहिली आहे. लग्न केव्हा करायचं हे कुटुंबाने आणि परिस्थितीने ठरवावं, असं त्यांचं म्हणणं.

बालविवाह हा एका धर्माचा प्रश्न आहे, असा समज करून घेण्याचंही कारण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २० ते २४ वयोगटातल्या २३.३ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या वस्तीवर जा, पंधराव्या वर्षी उजवलेल्या पोरी सर्व जातिधर्मांच्या दिसतील. गरिबी, शाळा सुटणं आणि ‘पोर हाताबाहेर जाईल’ ही धास्ती, ही कारणं सगळीकडे सारखीच.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘शास्त्रात पंधराच लिहिलंय’ म्हणाला, तर शास्त्रात आणखी काय लिहिलंय तेही त्याला विचारायला हवं. अनाथ पोराच्या हाती त्याची शेतीवाडी सोपवण्याआधी त्याची अक्कल पारखून घ्या, असं सांगणारं हे शास्त्र आहे. वर्गात नववी-दहावीच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या हाती अख्खा संसार सोपवताना तेवढी पारख नको का? ती परीक्षा घ्यायला वेळ लागतो. तो वेळ तिला घरच्यांनीच द्यायचा आहे.

आणि घरच्यांनी तो दिला नाही, लग्नाची तारीख ठरलीच, तर १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक देशभर मोफत आहे. तो त्या मुलीला स्वतःला लावता येतो, तिच्या मैत्रिणीला आणि शेजारणीलाही.